रुग्णालयाचा कचरा: आधी वजनकाटा, मग डबे

रुग्णालय पर्यावरणस्नेही करण्याचं काम अंगावर आलं की पहिल्या आठवड्यात बहुतेक जण दोन गोष्टी करतात: रंगीत डबे मागवतात आणि भिंतीवर पोस्टर लावतात. मीही तेच केलं होतं. तीन महिन्यांनी पाहिलं तर डबे पूर्वीइतकेच भरत होते आणि पोस्टरवर कुणीतरी ड्यूटीचं वेळापत्रक चिकटवलं होतं.

चूक डब्यांची नव्हती. वस्तू डब्यात पडते तोवर तिचा कचरा होऊन गेलेला असतो. तो होतो खरेदीच्या यादीत, ड्रेसिंग ट्रॉलीवर जास्तीचं सामान ठेवताना, गरज नसताना पाकीट फाडताना. म्हणून हा लेख डब्याकडून उलट्या दिशेने, कचऱ्याच्या उगमाकडे जातो. तुम्ही परिचारिका असा, व्यवस्थापक असा की दहा खाटांच्या दवाखान्याचे मालक, क्रम साधारण हाच ठेवा.

एक आकडा आधी लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार आरोग्यसेवेतला सुमारे ८५ टक्के कचरा साधा असतो: कागद, खोकी, वेष्टनं, उरलेलं अन्न. संसर्गजन्य, रासायनिक किंवा किरणोत्सारी असा धोकादायक कचरा साधारण १५ टक्केच. तुमच्याकडे हे प्रमाण अर्धं-अर्धं दिसत असेल, तर रुग्ण जास्त आजारी आहेत असं नाही. खोकी आणि वेष्टनं चुकीच्या पिशवीत पडताहेत.

पायरी १: सात दिवस फक्त वजन करा

काहीही बदलण्याआधी सलग सात दिवस मोजणी करा. रविवार आणि सुट्टीचा दिवस वगळू नका, त्या दिवशीचा कचरा वेगळाच असतो. प्रत्येक विभागाच्या पिशव्यांवर विभागाचं नाव आणि पाळी लिहायला सांगा, कचरा जमा होतो त्या खोलीत टांगता काटा लावा आणि वहीत चारच रकाने आखा: तारीख, विभाग, पिशवीचा प्रकार, किलो.

मोजणीच्या उत्साहात कुणीही संसर्गजन्य पिशवी उघडून हात घालायचा नाही. आत सुई असू शकते, आणि एक टोचणी पुढचे सहा महिने रक्ततपासण्यांत घालवते. आत काय जातंय हे पाहायचं असेल तर डबा अर्धा भरलेला असताना वरून डोकावा, दिसेल ते लिहा. दिवसातून तीन वेळा प्रत्येक विभागातल्या दोन डब्यांत डोकावलं तरी आठवड्यात चित्र स्पष्ट होतं.

आठवडा संपला की धोकादायक कचऱ्याच्या वजनाला त्या आठवड्यातल्या भरलेल्या खाटांच्या दिवसांनी, म्हणजे रोज भरलेल्या खाटांच्या सात दिवसांच्या बेरजेने भागा. एकूण खाटांनी भागू नका, नाहीतर रुग्ण कमी असतानाचा आठवडा उगाच कौतुकास्पद वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली सरासरी पाहिली तर श्रीमंत देशांत दर खाटेमागे दिवसाला अर्धा किलोपर्यंत धोकादायक कचरा निघतो, कमी उत्पन्नाच्या देशांत सुमारे ०.२ किलो. मात्र दुसऱ्या आकड्याला फार मान देऊ नका, कारण त्या देशांत पुष्कळ ठिकाणी धोकादायक आणि साधा कचरा वेगळाच केला जात नाही. तुमची तुलना तुमच्याच मागच्या आठवड्याशी असू द्या.

पायरी २: वर्गीकरण, म्हणजे डबा हाताच्या अंतरावर

नवशिक्यांना वाटतं, लोक चुकीच्या डब्यात टाकतात कारण त्यांना माहिती नसते. असं क्वचितच असतं. रात्रपाळीची सिस्टर एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात कापूस घेऊन उभी असते. जो डबा जवळ, त्यात ती टाकते. योग्य डबा आठ पावलांवर असेल तर तो नसल्यासारखाच.

किमान तीन प्रवाह हवेत: साधा, संसर्गजन्य आणि टोकदार. औषधं, रसायनं, शरीराचे भाग यांच्यासाठी तुमच्या देशाचे नियम आणखी वर्ग सांगत असतील तर ते पाळायचेच. रंगही देशोदेशी वेगळे असतात, त्यामुळे इंटरनेटवरचा तक्ता उतरवण्याआधी तो कुठला आहे ते बघा. आता डब्यांच्या जागा:

हात धुण्याच्या जागेजवळ फक्त साधा डबा ठेवा. तिथे कागदी रुमालच पडतात, आणि संसर्गजन्य डबा ठेवला तर ओल्या रुमालांचं सगळं वजन महागड्या पिशवीत जातं. खाटेशेजारी संसर्गजन्य डबा कायमचा ठेवू नका; तो ड्रेसिंग ट्रॉलीबरोबर येऊ द्या आणि तिच्याबरोबरच जाऊ द्या. टोकदार वस्तूंचा डबा मात्र जिथे सुई वापरली जाते तिथेच, हाताच्या टप्प्यात हवा. वापरलेल्या सुईवर टोपण परत चढवायचं नाही, आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. गच्च भरेपर्यंत दाबणारा माणूस डबा वाचवतो आणि बोट गमावतो.

दोन दिशांच्या चुका सारख्या मानू नका. साधा कचरा संसर्गजन्य पिशवीत गेला तर पैसा आणि इंधन वाया जातं. संसर्गजन्य कचरा किंवा सुई साध्या पिशवीत गेली तर बाहेर कचरा वेचणाऱ्या, गोळा करणाऱ्या माणसाच्या हातात ती जाते. पहिली चूक कमी करण्याच्या नादात दुसरी वाढत असेल तर तुमचा प्रकल्प तिथेच थांबवा. सहकाऱ्यांना एकच नियम सांगा: शंका आली तर संसर्गजन्य, पण शंका येण्याजोग्या वस्तूंची यादी दर महिन्याला लहान करत जायची. सलाईनच्या बाटलीचं बाहेरचं वेष्टन, सिरिंजचं कागदी पाकीट, हातमोज्यांचं खोकं यात शंका घेण्यासारखं काहीच नाही.

पोस्टरऐवजी मी नंतर एक साधी गोष्ट केली. प्रत्येक डब्याच्या झाकणावर त्याच विभागात रोज वापरल्या जाणाऱ्या पाच वस्तूंची छायाचित्रं चिकटवली. बालरोग विभागाच्या झाकणावर वेगळ्या, प्रयोगशाळेच्या झाकणावर वेगळ्या. वाचायला लागत नाही, भाषा आड येत नाही, आणि नव्या माणसाला पहिल्याच पाळीत समजतं.

पायरी ३: हातमोजे

याला वेगळी पायरी देतोय, कारण सगळ्यात लवकर दिसणारा फरक इथे पडतो. रुग्णाला जेवण देताना, नाडी बघताना, व्हीलचेअर ढकलताना, संगणकावर नोंद करताना हातमोजे लागत नाहीत. रक्त, शरीरद्रव, जखम, श्लेष्मल त्वचा (तोंड, नाक यांच्या आतली ओलसर त्वचा), घातक औषधं किंवा रसायनं यांच्याशी संबंध येणार असेल, किंवा रुग्ण संपर्काने पसरणाऱ्या संसर्गासाठी वेगळा ठेवला असेल, तर लागतात. बाकी ठिकाणी स्वच्छ धुतलेला हात जास्त चांगला. हातमोजे घातलेला माणूस हात धुणं विसरतो, आणि तेच मोजे घालून तीन खाटा फिरतो, हे संसर्ग नियंत्रण पाहणाऱ्या कुणालाही विचारा.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाने २०१८ मध्ये गरज नसलेले हातमोजे कमी करण्याची मोहीम सुरू केली. वर्षभरात सुमारे २१ टन प्लास्टिक कमी वापरलं गेलं. कुठलंही यंत्र आणलं नव्हतं. कधी घालायचे आणि कधी नाही, हे परत एकदा शिकवलं होतं.

सुरुवात करताना खोक्यांची जागा बदला. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी हातमोज्यांचं खोकं असेल तर ते सवयीनेच ओढले जातात. खोकं ट्रॉलीवर ठेवा आणि हात चोळण्याचं द्रव खाटेशी ठेवा. मोहीम जाहीर करताना "हातमोजे वाचवा" असं मात्र लिहू नका. कुणीतरी रक्त काढताना वाचवेल. "आधी हात, मग गरज असेल तर मोजे" एवढं पुरे.

पायरी ४: कपाट, साठा आणि खरेदी

भांडारात जा आणि मुदत संपलेल्या वस्तूंचं खोकं मागा. ते असतंच. त्यात काय आहे ते पाहिलं की कोणत्या वस्तूंचा अंदाज चुकतोय ते कळतं. बहुतेक वेळा क्वचित लागणाऱ्या आकाराचे कॅथेटर, विशिष्ट टाके आणि एका डॉक्टरांच्या आग्रहाने मागवलेली, ते सोडून गेल्यावर पडून राहिलेली सामग्री सापडते.

साठ्याचा नियम सोपा: आधी मुदत संपणारं आधी बाहेर. आधी आलेलं आधी बाहेर हा नियम पुरेसा नाही, कारण नवीन आलेल्या मालाची मुदत कधीकधी जुन्यापेक्षा कमी असते. नवा माल मागे ठेवा, जुना पुढे ओढा, आणि तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या वस्तूंवर ठळक चिकटपट्टी लावा. ज्या वॉर्डात त्या खपत नाहीत तिथून ज्या वॉर्डात खपतात तिथे पाठवा. विभागप्रमुखांना आपला साठा दुसऱ्याला देणं जड जातं. त्याला इलाज एकच, साठा विभागाच्या नव्हे तर रुग्णालयाच्या नावावर लिहायचा.

मग खाटेशेजारचा खण बघा. वेगळ्या ठेवलेल्या रुग्णाच्या खोलीत आठवड्याचं सामान भरून ठेवलं, तर रुग्ण घरी गेल्यावर न उघडलेली पाकिटंसुद्धा टाकावी लागतात. तिथे एका पाळीपुरतंच ठेवा. ही एवढी साधी सूचना आहे की बैठकीत ती सांगताना संकोच वाटतो, पण टाकलेल्या न वापरलेल्या सामानात याचा वाटा बराच असतो.

खरेदीचा भाग सावकाश बदलतो, पण सगळ्यात खोल जातो. २०१९ मध्ये 'हेल्थ केअर विदाउट हार्म' आणि 'अरुप' या संस्थांनी जगभरच्या आरोग्यसेवेचा कार्बन हिशेब मांडला. तो जगाच्या निव्वळ उत्सर्जनाच्या सुमारे ४.४ टक्के निघाला, आणि त्यातला ७१ टक्के वाटा पुरवठा साखळीचा होता, म्हणजे औषधं, उपकरणं, सामान बनवणं आणि वाहून आणणं. छतावर सौर पॅनल बसवून फोटो काढण्याआधी खरेदी अधिकाऱ्याबरोबर एक दुपार काढावी असं मला वाटतं ते यासाठी.

त्या दुपारी काय विचारायचं? पुरवठादार बाहेरची खोकी परत नेतो का. एका संचात दहा वस्तू येतात आणि आपण सहाच वापरतो, तर सहांचा संच मिळेल का. ट्रे, वाडगे, गाऊन, चादरी, टोकदार वस्तूंचे डबे पुन्हा वापरता येण्याजोगे घेता येतील का. धुलाई, निर्जंतुकीकरण, दुरुस्ती आणि विल्हेवाट हे सगळं धरून वर्षाचा खर्च मांडा. फक्त नगाची किंमत मांडली तर एकदा वापरून फेकायची वस्तू नेहमीच स्वस्त दिसते.

याच जोडीला एक सावधगिरी. जी वस्तू उत्पादकाने एकदाच वापरण्यासाठी बनवली आहे ती धुऊन परत वापरायला सुरुवात करणं म्हणजे पर्यावरणस्नेह नव्हे. सिरिंज, सुई, कॅन्युला यांचा प्रश्नच येत नाही. इतर काही उपकरणांसाठी काही देशांत मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया असते. ती मान्यता आणि ती यंत्रणा नसेल तर विषय बंद.

पायरी ५: ओटी

ऑपरेशन थिएटर जागेने लहान आणि भुकेने मोठं. रुग्णालयाच्या कचऱ्यातला पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचा भाग इथून निघतो असे अंदाज आहेत, आणि दर चौरस फुटामागे वीज बाकी इमारतीच्या तिप्पट ते सहापट लागते. पण ओटीत बाहेरून येऊन सूचना देणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. आधी ओटीच्या मुख्य सिस्टरना सोबत घ्या. कोणते सर्जन काय उघडायला लावतात आणि काय न वापरता टाकतात, हे त्यांना तोंडपाठ असतं.

पहिलं काम: प्रत्येक शस्त्रक्रियेची सामानाची यादी काढा. बऱ्याच याद्या वर्षानुवर्षे कुणी पाहिलेल्या नसतात. एखादी गोष्ट एकदा कमी पडली म्हणून यादीत घातली जाते. काढायची आठवण मात्र कुणालाच राहत नाही. सलग दहा शस्त्रक्रियांत उघडलेल्या आणि न वापरलेल्या वस्तूंवर खुणा करा. दहापैकी आठ वेळा वाया गेलेली वस्तू "उघडा" या रकान्यातून "हाताशी ठेवा" या रकान्यात हलवा. ती खोलीतच राहते, फक्त पाकीट बंद असतं. सर्जनला याला नाही म्हणायला कारण उरत नाही.

दुसरं: रुग्ण आत येण्याआधीचा कचरा वेगळा धरा. संच मांडताना निघणारी वेष्टनं, निळं आवरण, खोकी यांना रक्ताचा थेंबही लागलेला नसतो. मांडणीच्या वेळी साध्या कचऱ्याची मोठी पिशवी उघडी ठेवा आणि रुग्ण टेबलावर आला की तिचं तोंड बांधून बाजूला करा. निर्जंतुक संचांचं ते निळं आवरण पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचं असतं, म्हणजे घेणारा मिळाला तर त्याचा पुनर्वापर होऊ शकतो. कडक धातूचे डबे वापरले तर ते लागतच नाही.

किती फरक पडू शकतो याचं उदाहरण डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतलं आहे. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांतल्या मोतीबिंदू शस्त्रक्रियेचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका शस्त्रक्रियेमागे सुमारे २५० ग्रॅम कचरा, आणि कार्बन उत्सर्जन ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या जवळपास ५ टक्के. संसर्गाचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. तिथल्या काही पद्धती, उदाहरणार्थ काही सामग्री अनेक रुग्णांसाठी वापरणं, इतर देशांच्या नियमांत बसत नाहीत, म्हणून ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण दरवेळी मोठा संच उघडल्याशिवाय सुरक्षित शस्त्रक्रिया होत नाही, हा समज मात्र त्यापुढे टिकत नाही.

तिसरं: रिकामी ओटी. रात्री कुणी नसताना हवा तितक्याच वेगाने बदलत राहते, थंडही होत राहते. खोलीतला धन दाब, म्हणजे बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून ठेवलेला जास्तीचा दाब, कायम ठेवून हवा बदलण्याचा वेग कमी करता येतो. हे काम अभियंता आणि संसर्ग नियंत्रण पथक यांनी मिळून करायचं आणि शस्त्रक्रियेआधी किती वेळ पूर्ण वेगाने चालवायचं तेही त्यांनी ठरवायचं. सरळ बटण बंद करू नका.

पायरी ६: न दिसणारा कचरा

भूल देण्याचे वायू पिशवीत जात नाहीत, म्हणून कचऱ्याच्या वहीत येत नाहीत. रुग्णाच्या शरीरात त्यांचा फारसा बदलही होत नाही. जवळजवळ सगळे नळीवाटे छताबाहेर जातात. डेसफ्लुरेन हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट तापमानवाढ घडवतो. सेवोफ्लुरेन या भुलेच्या दुसऱ्या वायूचा आकडा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय तितकीच गाढ भूल द्यायला डेसफ्लुरेन सेवोफ्लुरेनच्या जवळपास तिप्पट तीव्रतेने द्यावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षातली दरी आणखी रुंद. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीय कारणाने दुसरा पर्यायच नसेल तेव्हाच तो वापरता येतो.

तुम्ही भूलतज्ज्ञ नसाल तर हा निर्णय तुमचा नाही, आणि तसा आव आणूही नका. पण त्यांना तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. डेसफ्लुरेन अजून लागतो का? ताज्या वायूचा प्रवाह कमी ठेवता येतो का? जिथे चालेल तिथे नसेतून किंवा भाग बधिर करून भूल देता येईल का? बहुतेक भूलतज्ज्ञ या विषयावर तुमच्याहून जास्त वाचून असतात, कुणी विचारण्याची वाट पाहत असतात.

नायट्रस ऑक्साइड या भुलेच्याच वायूची गोष्ट वेगळी आहे. हा वायू हवेत शंभरहून अधिक वर्षं टिकतो, आणि पुष्कळ रुग्णालयांत तो भिंतीतल्या मध्यवर्ती नळांतून फिरतो. जिथे मोजलं गेलं तिथे बऱ्याच ठिकाणी असं दिसलं की विकत घेतलेल्या वायूचा बहुतांश भाग रुग्णापर्यंत पोचतच नाही. सांधे, झडपा, अर्धवट भरून परत गेलेली नळकांडी यांतून तो निघून जातो. तपासणी सोपी आहे. वर्षात किती वायू विकत घेतला ते भांडारातून घ्या, किती रुग्णांना किती दिला ते भुलेच्या नोंदींतून घ्या, आणि वजाबाकी करा. फरक मोठा निघाला तर मध्यवर्ती नळ बंद करून यंत्राला लहान नळकांडं जोडायचा प्रस्ताव मांडा. या सगळ्या लेखात एका कागदावर एवढं उत्सर्जन वाचवणारं दुसरं काम नाही.

दम्याचे फवारा इनहेलरही याच जातीचे. त्यांतलं औषध बाहेर ढकलणारा वायू बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ घडवतो, कोरड्या पावडरीच्या इनहेलरमध्ये तो नसतोच. पण लहान मुलं आणि खूप धाप लागलेले रुग्ण पावडर जोरात ओढू शकत नाहीत. बदल डॉक्टरने, रुग्णाला ओढायला लावून, पाहूनच करायचा.

पायरी ७: औषधं आणि तपासण्या

तोंडाने गोळी घेऊ शकणाऱ्या रुग्णाला नसेतून औषध देत राहिलं की बाटली, नळी, सिरिंज, सुई, कापूस, मोजे असा पसारा निघतो. गोळीला लागतो पत्रीच्या वेष्टनाचा एक चौकोन. रोजच्या राउंडमध्ये "आज हे तोंडाने देता येईल का?" हा प्रश्न घातला, तर प्लास्टिक कमी होतं आणि नसेच्या जागेवरचा संसर्गही. तपासण्यांचंही तसंच. "रोज सकाळी" असा रक्ततपासणीचा आदेश एकदा लिहिला की थांबवायचं कुणालाच आठवत नाही. अशा आदेशांना शेवटची तारीख सक्तीची करा.

उरलेली औषधं बेसिनमध्ये ओतू नका, संडासातही नाही. प्रतिजैविकं सांडपाण्यात गेली की तिथल्या जंतूंना त्यांची सवय होते. कर्करोगाची पेशीघातक औषधं आणि त्यांना स्पर्श झालेलं सामान वेगळ्या डब्यात ठेवून खूप जास्त तापमानाच्या भट्टीतच जायला हवं.

पाणी, वीज, पारा: थोडक्यात

डायलिसिस विभाग असेल तर पाण्याची सुरुवात तिथे करा. मिनिटाला ५०० मिलिलिटर प्रवाहाने चार तासांच्या एका सत्राला १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि ते बनवताना आरओ यंत्र आणखी पाणी बाहेर टाकतं. ते बाहेर टाकलेलं पाणी रुग्णाच्या जवळही गेलेलं नसतं, फक्त क्षारयुक्त असतं. क्षार तपासून ते फ्लशला किंवा जमीन धुवायला वळवता येतं. रुग्णाच्या यंत्रातून गेलेलं द्रावण मात्र त्यात मिसळायचं नाही.

विजेबद्दल नवीन सांगण्यासारखं थोडं आहे. एलईडी, रिकाम्या खोल्यांत आपोआप बंद होणारे दिवे, एसीच्या जाळ्या वेळेवर साफ करणं. हे कुठल्याही इमारतीला लागू आहे आणि तुमच्या अभियंत्याला माहीत आहे. त्याला फक्त परवानगी हवी असते.

पाऱ्याचे तापमापक आणि रक्तदाबमापक अजून कपाटात असतील तर काढा. पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला, आणि त्यात अशा उपकरणांचं उत्पादन व व्यापार थांबवायला २०२० ही मुदत होती. बदललेली उपकरणं भंगारात द्यायची नाहीत आणि जाळायच्या पिशवीत तर मुळीच टाकायची नाहीत. फुटणार नाहीत अशा बंद डब्यात ठेवून, घातक कचरा अधिकृतपणे घेणाऱ्याकडेच सोपवा.

शेवटी जे उरतं ते

एवढं करूनही संसर्गजन्य कचरा उरणारच. तो जाळण्याऐवजी वाफेने निर्जंतुक करण्याचा पर्याय आहे का बघा. पीव्हीसीसारखं क्लोरीन असलेलं प्लास्टिक नीट नियंत्रण नसलेल्या भट्टीत जळलं की डायॉक्सिन नावाचे विषारी पदार्थ तयार होतात, आणि ते अन्नसाखळीत वर्षानुवर्षे राहतात. कचऱ्याच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमान पुरेसा वेळ टिकलं पाहिजे. ते खरंच टिकलं का, हे रंग बदलणाऱ्या पट्टीवरून पूर्ण कळत नाही. उष्णतेतही सहज न मरणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी ठेवून, ते मेले का हे पाहून ठराविक काळाने खात्री करा. रसायनं, पारा, पेशीघातक औषधं त्यात घालायची नाहीत, वाफ त्यांचं काही बिघडवत नाही.

या कामासाठी मोठी समिती नको. संसर्ग नियंत्रणाची एक सिस्टर, भांडारातला एक माणूस, सफाई विभागाचा एक, एक डॉक्टर. महिन्यातून अर्धा तास, वही समोर ठेवून. सफाई कर्मचाऱ्याला बैठकीत आधी बोलू द्या, कारण कोणत्या वॉर्डाची पिशवी जड येते आणि कुठल्या पिशवीतून सुई बाहेर डोकावते हे त्यालाच माहीत असतं.

तीन महिन्यांनी परत सात दिवस वजन करा, त्याच काट्यावर, त्याच रकान्यांत. संसर्गजन्य कचरा घटलेला आणि साधा वाढलेला दिसला तर घाबरू नका. वर्गीकरण सुधारलं की पहिल्यांदा असंच होतं. एकूण वजन कमी व्हायला खरेदी आणि हातमोज्यांचे बदल अंगवळणी पडावे लागतात. वजनाच्या वहीशेजारी सुई टोचल्याच्या घटनांची नोंदवही ठेवा आणि दोन्ही एकत्र वाचा. कचरा उतरला आणि टोचण्या चढल्या, तर आधी टोकदार डब्यांच्या जागा तपासा, बाकी सगळं नंतर.